पाण्यातला सूर

लिफ्ट बंद होती म्हणून थोरा तळघरातून गेली, एवढंच खरं तर घडलं होतं. जीवशास्त्राच्या त्या जुन्या इमारतीची लिफ्ट कडाक्याची थंडी पडली की हमखास रुसायची, आणि मग तळघरातल्या लांब बोळातून पलीकडचा जिना गाठून वर चढायचं, ही वाट दुसऱ्या वर्षापर्यंत पोचलेल्या कुणालाही ठाऊक झालेली असे. चौथ्या मजल्यावर डॉक्टर फ्रीझन तिची वाट बघत होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला एक विद्यार्थी घ्यायचा होता, आणि तो विद्यार्थी म्हणजे थोरा एयोल्फसन, हे ठरल्यातच जमा होतं. आजची भेट नुसती रीत म्हणून. थोरानं केस घट्ट बांधले होते, मरिसेल या मैत्रिणीचा निळा स्वेटर मागून घातला होता, आणि विचारलं तर काय बोलायचं याची उजळणी करत ती बोळातून चालली होती. डोक्यावरून गरम पाण्याचे जाड नळ गेलेले. बुटांना चिकटून आलेलं बर्फ वितळून पावलागणिक पचपच आवाज होत होता. आणि त्या आवाजाच्या मधल्या फटीतून तिला सूर ऐकू आला.

आधी वाटलं, कुठेतरी पंखा घुमतोय. पण पंख्याच्या घुमण्यात घरघर असते. हा स्वच्छ होता. व्हायोलिनच्या जाड तारेवर कुणीतरी गज टेकवावा आणि तो गज कधी संपूच नये, तसा. गाणारा माणूस असता तर एव्हाना श्वासासाठी थांबला असता. हा थांबत नव्हता; थोराच थांबली. एक दार अर्धवट उघडं होतं आणि आत काळोख होता. आपल्याला उशीर होतोय हे तिला कळत होतं, पण शेजारच्या घरात कुणीतरी बोलत असावं तसं ते लांबून कळत होतं. तिनं दार जरासं ढकललं.

"आलीस? दार लोटून घे," आतून म्हातारा आवाज आला. "उजेड सोसत नाही त्यांना."

"मी ती नाही," थोरा म्हणाली.

"कोण नाहीस?"

"तुम्ही जिची वाट बघताय ती."

"बरं. पण आलीच आहेस तर ही तार धर जरा. मला हात दोनच आहेत."

डोळे काळोखाला सरावले तशी आधी एक मिणमिणता लाल दिवा दिसला, मग काचेची टाकी, मग कोपरापर्यंत बाह्या सारलेला, उंच आणि पाठीत वाकलेला माणूस. पाण्यात दोन तारा सोडलेल्या होत्या आणि त्या एका पेटीतून स्पीकरला जोडल्या होत्या. टाकीत मातीच्या नळीच्या तोंडाशी मासा होता. सुरीच्या पात्यासारखा चपटा, जवळजवळ आरपार दिसणारा. पोटाखालची एकच लांब झालर हलवत जागच्या जागी तरंगणारा. "ह्याचंच आहे हे," म्हातारा म्हणाला. "आवाज नव्हे, वीज. अगदी जराशी. हात बुडवलास तरी कळायची नाही. आपल्याला ऐकण्याशिवाय दुसरं काही येत नाही म्हणून आपण तिचा आवाज करून घेतो. आता बघ गंमत." त्यानं शेजारच्या टाकीतला दुसरा मासा जाळीनं उचलून ह्या पाण्यात सोडला. दुसरा सूर लागला, पहिल्याला अगदी खेटून, आणि दोघांच्या मध्ये हवा थरथरायला लागली. ती थरथर थोराच्या दातांच्या मुळांपर्यंत गेली. आणि मग कुणीतरी खुंटी पिळावी तसा पहिला सूर हलकेच वर सरकला. थरथर बारीक होत होत विरून गेली. आता दोन सूर वेगवेगळे, आपापल्या जागी, एकमेकांना न अडवता वाहत होते.

"सरकला तो!" थोरा एवढ्यांदा म्हणाली की तिची तीच दचकली.

"सरकला."

"का?"

"तू सांग."

"दुसऱ्याचा त्रास होत होता त्याला."

"त्रास होत होता हे तुला कुणी सांगितलं?"

थोराच्या हातातली तार ओली होती, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच उत्तर न सुचल्याची लाज तिला वाटत नव्हती. म्हाताऱ्यानं तिच्याकडे न बघताच सांगितलं, की हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या गढूळ नद्यांतले, काळोखात ह्या विजेनंच चाचपडत फिरतात, आणि शेजाऱ्याचा सूर फार जवळ आला की त्यांना भोवतालचं अंधूक होतं. "असं आपण म्हणतो," असं त्यानं शेवटी जोडलं. तेवढ्यात बोळातून धापा टाकत कुणीतरी मुलगी आली, उशिराबद्दल माफी मागायला लागली, आणि थोरानं तार तिच्या हातात देऊन जिना गाठला.

डॉक्टर एल्सबेत फ्रीझन उशिराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. त्या तशाच होत्या. विद्यापीठात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस सापडलं नसतं. "आई कशी आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "बरी आहे," थोरा म्हणाली. डॉक्टर फ्रीझन आईला कधीच भेटल्या नव्हत्या. पण शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीत त्या होत्या आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी थोरानं लिहिलेला निबंध त्यांनी वाचला होता. तो निबंध आईवर होता. थोरा बारा वर्षांची असताना गावातल्या को-ऑप दुकानात, दुधाच्या थंड कपाटासमोर, आईचा डावा पाय एकाएकी उचलेना. आई कपाटाची मूठ धरून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत राहिली, जसं काही कुठलं दूध घ्यावं हेच तिचं ठरत नव्हतं. "एक मिनिट हं, थोरा," ती सारखी म्हणत होती. पुढे शहरातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. ह्या प्रांतात तो आजार इतका आहे, की ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजतं, निरोप वाटेत हरवतात. थोरानं निबंधात लिहिलं होतं, की त्या दुधाच्या कपाटासमोरच मी ठरवलं. काय ठरवलं? बारा वर्षांची मुलगी काय ठरवणार? तिला तर तेव्हा शू लागली होती आणि आई का हलत नाही म्हणून राग आला होता. पण निबंध चांगला झाला. मग तोच प्रवेशाच्या अर्जात गेला, मग गावात निधी जमवायला ठेवलेल्या जेवणाला तो तिनं उभं राहून वाचला, लोकांनी डोळे पुसले, आणि आता त्या दुपारची आठवण काढू गेलं तर कपाटातला गार वाफारा आठवत नसे, वाक्यं आठवत.

"ये, दाखवते तुला," डॉक्टर फ्रीझन म्हणाल्या आणि त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. उंदराच्या मज्जातंतूचे आडवे छेद. गडद कडांची शेकडो वर्तुळं, दाटीवाटीनं बसलेली. काही कडा जाड आणि भरीव, काही विरलेल्या, काही नुसत्या खुणा उरलेल्या. थोरा बघत राहिली. सुंदर होतं ते, आणि सुंदर आहे असं वाटल्याबरोबर तिला स्वतःचीच चीड आली. हेच आईच्या पाठीच्या कण्यात चाललंय. डोळा भिंगाला लावून तिनं काहीतरी विचारायचा प्रयत्न केला, कारण डॉक्टर फ्रीझन मागे उभ्या होत्या आणि हुशार विद्यार्थी अशा वेळी काहीतरी विचारतो. पण जो प्रश्न येई तो फिरून त्याच एका प्रश्नापाशी येऊन पडे, की मग आई बरी होईल का? आणि तो प्रश्न उंदराच्या मज्जातंतूच्या चकतीला कसा विचारायचा? "इथे काम करणाऱ्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी आहे," डॉक्टर फ्रीझन मऊ आवाजात म्हणाल्या. "त्या खिडकीपाशी बसलाय ना ड्वाइट, त्याची बहीण. तुला इथे अगदी घरच्यासारखं वाटेल." ड्वाइटनं मान वर करून हात हलवला. थोरानंही हलवला. जागा तिचीच होती; हिवाळ्यातली छोटी सुट्टी संपायच्या आत होय म्हणून कळवायचं, एवढंच बाकी. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आनंद झालेला नाहीये.

त्या दिवसानंतर शहर तिला वेगळंच ऐकू यायला लागलं. विनिपेगच्या हिवाळ्यात कान टोपीत गाडलेले असतात, लोक एकमेकांशीही ओरडून बोलतात, पण आता बसमधल्या हीटरची गुणगुण, चौकातल्या विजेच्या खांबाची गुणगुण, घरातल्या फ्रिजची, ही सगळी तिला ऐकू यायची. ती मनातल्या मनात सूर जुळवून बघायची. फ्रिज आणि दिव्याची नळी यांचे सूर खेटलेले होते. दोघं एकमेकांना थरथरवत वर्षानुवर्षं तसेच पडून होते, कुणीच सरकत नव्हतं. मग तो मासा का सरकला? आणि दुसरा का नाही? दोघांनीही सरकायचं ठरवलं आणि दोघंही एकाच दिशेला सरकले तर? माणसं बोळात समोरासमोर आली की होतं तसं? हसू आलं तिला, बसमध्ये, एकटीच. समोरच्या बाईनं पिशवी आवळून धरली. लहानपणी ती बाबांबरोबर सरोवरावर जायची. बर्फाच्या भोकातून जाळं वर येई आणि पिकरेल मासे बर्फावर पडत. वारा असा असे की बघता बघता ते लाकडासारखे ताठ होत, डोळ्यांवर पांढरी साय चढे. तिला त्यांची कीव यायची नाही, नवल वाटायचं. खाली पाण्यात त्यांना रात्र कळते का? बर्फावरून आपण चालतो ते ऐकू येतं का? "विचारून सांगतो," बाबा म्हणायचे आणि भोकात तोंड घालून खरंच ओरडायचे, "अहो पिकरेल, ऐकू येतंय का?" तेव्हा ती दिवसभर विचारत असायची, शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, की हिला थोडं आवरा. मग ते कधी बंद झालं? कुणी आवरलं नव्हतं. घरात एक प्रश्न येऊन बसला होता, स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढा मोठा, आणि बाकीच्यांना जागाच उरली नव्हती.

"मासा," मरिसेल म्हणाली. थोराची ही खोलीतली सोबतीण नर्सिंग शिकत होती आणि रविवारी सकाळी लसणावर परतलेला भात आणि अंडी दोघींसाठी करायची. "तुला तिथे डॉक्टर फ्रीझनबाई डोक्यावर घेऊन नाचायला तयार आहेत, आणि तू तळघरात जाऊन माशाचं गाणं ऐकणार."

"गाणं नाहीये ते."

"मग तर आणखीच वाईट. माझ्या आईला मी असं सांगितलं असतं ना, तर तिनं मनिलातल्या आजीला फोन लावला असता, आजीनं पाद्र्याला." तिनं ताटलीत भात वाढला. "घरी काय सांगणार आहेस?"

"काही ठरलं नाहीये अजून."

"ठरलंय. तुझं तोंड बघ. हे बघ, सोपं आहे. म्हणायचं, माशाच्या विजेवरून मज्जातंतू समजतात, मज्जातंतूंवरून आजार समजतो. झालं. आई खूश, मासा खूश."

"खरंच तसं असेल का?"

"असेल नाहीतर नसेल. कोण बघायला येतंय?"

थोराला तो विचार गोड वाटला, दिवसभर वाटत राहिला, आणि म्हणूनच सोमवारी ती तळघरात गेली. दारावर पाटी होती, डॉ. गिल साबुरिन. म्हाताऱ्यानं तिला ओळखलं. "तू ती नाहीस ती," तो म्हणाला. उन्हाळ्याची एक जागा होती त्याच्याकडे. गेल्या वर्षी कुणी अर्जच केला नव्हता. तो दोन वर्षांत निवृत्त होणार होता, मग ह्या टाक्यांचं काय होणार ते विद्यापीठालाच माहीत. काम म्हणजे काळोखात बसून राहणं, टाक्या धुणं आणि भरपूर वाट बघणं. थोरानं विचारलं, की ह्याचा मज्जातंतूंच्या आजारांशी काही संबंध आहे का. विचारताना तिचा आवाज जरा चढलाच.

साबुरिननं हात पुसले. "पैसे मागायला जातो तेव्हा मी तसं लिहितो एखादं वाक्य. सगळेच लिहितात. तुला कशाला सांगू? संबंध असेल तर मला ठाऊक नाही." मग त्यानं जरा निरखून बघितलं. "घरी कुणी आजारी आहे?"

"आई."

"मग वर जा. फ्रीझन फार चांगली बाई आहे. मी थट्टा करत नाहीये."

थोरा गेली नाही. "आज बसू का थोडा वेळ?" एवढंच तिनं विचारलं. ती टाकीपुढे बसली. आज पाण्यात एकच मासा होता. ती तारा इकडून तिकडे हलवत होती, आणि तार शेपटीपाशी आली की सूर जवळ येई, बाजूला गेली की दूर. मासा नळीतून बाहेर आला, उलटा पोहत मागे गेला, पुन्हा आला. शेपटी पुढे करून त्यानं तिच्या तारेभोवती एक वळसा घातला, एखादं माणूस अंधारात पाठमोरं चालत भिंत शोधतं तसा. हा मला बघतोय? माझी तार त्याला कशी दिसत असेल? गार, कडक, की नुसतं एक भोक? तिनं खिशातली किल्ली पाण्यात सोडून बघितली, मग प्लास्टिकचं टोपण. साबुरिन मध्येच येऊन काहीतरी म्हणून गेला, ती "हं" म्हणाली. बाहेर आली तेव्हा दिवे लागले होते, पोटात भुकेचा खड्डा पडला होता, आणि दिवसभरात आपल्याला आईची एकदाही आठवण झाली नाही हे तिला बसस्टॉपवर कळलं. तिथेच, तोंडावर बोचरा वारा घेत, ती अपराध्यासारखी उभी राहिली. आई काय, एका दुपारपुरती सुद्धा कुणाच्या डोक्यातून जाऊ नये अशी वस्तू होती? आणि आजारातून तिला अशी एकही दुपार सुट्टी मिळते का? तिनं घरी फोन लावला. बाबांनी उचलला, आई झोपली होती. "काही विशेष?" बाबांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती चौथ्या मजल्यावर गेली आणि नाही म्हणाली. मरिसेलनं शिकवलेलं वाक्य जिभेवर आलं होतं, पण डॉक्टर फ्रीझनच्या समोर ते बाहेर पडलं नाही. चेहरा पडलेला त्यांनी लपवला नाही. "जागा मी रिकामी ठेवू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "हे तुला माहीत आहे ना? पुढच्या वर्षीही सांगता येत नाही." मग, "आईला सांगितलंस?"

"नाही अजून."

"आधी तिला सांगायला हवं होतंस." त्या थांबल्या. "की नको होतं. मला नाही सांगता येत."

गावी न्यायला बाबा बसथांब्यावर आले होते, गाडीच्या मागच्या भागात मासळीच्या पेट्या. घरी टेबलावर पिकरेल तळून ठेवलेला, आणि खास तिच्यासाठी आईनं विनारतेर्ता केला होता, मनुकांच्या गराचे थर घातलेला तो केक जो एरवी नाताळातच व्हायचा. एवढा वेळ उभं राहणं आईला जमत नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आई वॉकर धरून टेबलापाशी आली, बसली आणि म्हणाली, "तुला प्रयोगशाळेत घेतलं ते औषधाच्या दुकानातल्या बाईला सांगितलं मी. आणि कर्लिंग खेळायला जमतात त्या सगळ्यांना. तुझ्या बाबांनी तर बर्फावरच्या माशांनासुद्धा सांगितलं असेल."

थोरानं काटा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. नीट सांगता आलं नाही. मासा आधी आला, मग तळघर, मग फ्रीझन, सगळं उलटंपालटं.

बाबांना हसू फुटलं. "माशांचा अभ्यास करायला विद्यापीठात? अगं, मग होडीवरच आली असतीस. मी फुकट शिकवलं असतं."

"हेल्गी, तू गप्प बस," आई म्हणाली. ती थोराकडे बघत नव्हती, केकचे तुकडे करत होती, आणि हाताला कंप असल्यामुळे थर निसटत होते. "कुठले मासे?"

"वीज असते त्यांच्यात. थोडीशी."

"म्हणजे मी कंटाळवाणी झाले."

"आई, तसं नाहीये गं."

"मग कसं आहे? सात वर्षं झाली. गावभर माझी गोष्ट वाचून दाखवलीस तेव्हा मी खुर्चीत बसून होते. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मला आवडलं नव्हतं ते, थोरा. पण मी म्हटलं, असू दे, पोरीला त्यातून काहीतरी करायचंय. आता म्हणतेस, नाही करायचं. मग ते कशाला वाचलंस?"

हे थोराला ठाऊक नव्हतं. आईला आवडलं नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे कान तापले. "तिथे मला काही विचारताच येत नाही," ती अखेर म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं तिलाच कळत गेलं. "मी त्या काचेतून बघते तेव्हा मला फक्त उत्तर हवं असतं. लगेच. दुसरं काही दिसतच नाही. असं माणूस कामाचं नसतं तिथे. ते लोक किती शांतपणे बघतात. मला नाही जमत, तू आहेस ना त्यात."

आईनं केकची ताटली थोरापुढे सरकवली, वॉकर ओढला आणि निजायच्या खोलीत गेली. दुपारची तिची झोप ही झोप नसे; कुणीतरी बटण बंद केल्यासारखी ती पडून राही, डोळे उघडे असले तरी. पायांचं काही नाही, पायांची सवय होते, ती एकदा म्हणाली होती, हे दमणं मात्र कुणाला दाखवता येत नाही. थोरा आणि बाबा भांडी घासत राहिले. "रागावली आहे का?" थोरानं विचारलं. "आहे," बाबा म्हणाले. "असू दे. तिला रागवायला नवीन विषय मिळाला, तेवढाच बदल."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरा बाहेर पायऱ्यांवरचं बर्फ ओढत होती, तेव्हा आईनं खिडकीवर टकटक केलं. आत गेली तर आई उशांना टेकून बसली होती, केस विंचरलेले. "ऐकव," ती म्हणाली. "आहे ना तुझ्याकडे? असणारच." थोरानं फोनमध्ये भरून आणलेला सूर लावला. आईनं फोन कानाशी धरला, मग लांब, मग उशीवर ठेवला. बराच वेळ ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग तसाच होता, पण त्याच्या कडेनं दुसरं काहीतरी आत येत होतं.

"पुढे काय होतं?"

"काही नाही. असंच चालतं."

"झोपतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"म्हणजे कधीच थांबत नाही? जन्मभर?"

"नाही थांबत. ह्या जातीचे थांबत नाहीत."

आई छताकडे बघत होती. "दमत नाही का गं तो?" तिनं विचारलं.

किती दिवस थोरा त्या सुरापुढे बसली होती, त्यानं कसं दिसतं, कुठवर पोचतं, कोण कुणासाठी सरकतं, सगळं विचारून झालं होतं, आणि हे तिच्या मनातही आलं नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे तुला माहीत नाही, की कुणालाच माहीत नाही?"

"मला माहीत नाही."

"मग विचार ना त्या म्हाताऱ्याला. सुट्टी आहे म्हणून मासे टाकून घरी बसला नसेल तो."

"आत्ता?"

"मी आता जागी आहे. अकरानंतर मला विचारू नकोस काही."

थोरानं फोन लावला आणि साबुरिननं लगेच उचलला. मागे पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता. थोरानं अडखळत सुरुवात केली, तोच आईनं हात पुढे करून फोन घेतला. "मी थोराची आई बोलतेय, लोरेन. तुमचा तो मासा. दमतो का?" पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "ते कळलं," आई म्हणाली, "खायला लागतं, ताकद लागते, ते कळलं. मी ते नाही विचारत. खाऊन झोपूनसुद्धा दमतो का, ते विचारतेय... हो. तसंच... नाही, मला कसं कळतं ते मी सांगू शकते, पण तो कसा सांगणार?" बाबा दारात येऊन उभे राहिले, हातात गारठलेल्या माशांची पिशवी, आणि काही बोलणार तेवढ्यात आईनं त्यांना बोटानं गप्प केलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता पाठ उशीपासून सुटली आणि ती सरळ बसली. मग फोनवर तळहात ठेवून ती थोराकडे वळली. तिचे डोळे असे लकाकत होते की थोराला ती क्षणभर परकीच वाटली, आपल्याहून लहान कुणीतरी.

"त्यालाही माहीत नाही!" आई म्हणाली, आणि घाईघाईनं हात काढून पुन्हा फोनमध्ये बोलायला लागली, "हॅलो? नाही नाही, ठेवू नका. आधी मला सांगा, तुम्ही ते शोधणार कसं?"